जाऊबाईंचे सर

आमच्या जाऊबाईंना कुणी सोशिक म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा गल्लीतले एक गृहस्थ इस्त्रीचे शर्ट न्यायला आले आणि म्हणाले, "काय हो सोशिक बाई आहेत तुमच्या जाऊबाई! देवमाणूस अगदी." मी म्हटलं, "काका, एक दिवस त्यांच्या हाताखाली कॉलर करून बघा, मग बोला." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी कसली चेष्टा करतेय! माणसाला सोशिक म्हणून टाकलं की आपण मोकळे, त्याला काय काय सोसायला लावलं ते बघायला नको.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा थोरले दीर जाऊन थोडेच महिने झाले होते. पोरगं कडेवर, आणि सगळे नातेवाईक दुकानात बसून एकच सांगत होते, बाईमाणसाला जमायचं नाही, दुकान बंद करा. जाऊबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, उठा आता, मला टेबल लागतंय." मग पदर खोचून इस्त्री तापवली. मला म्हणाल्या, "तुला काय येतं?" मी म्हटलं, "काही नाही." तर म्हणाल्या, "छान, म्हणजे वाईट सवयी नाहीत." त्या दिवसापासून मी शेजारच्या टेबलावर उभी आहे.

दुकान म्हणजे रस्त्याला तोंड असलेली एक खोली. जुन्या घोंगड्या पसरून वर पांढरं कापड ताणलेली दोन टेबलं, भिंतीला गाठोडी, मागे मोरी आणि नळ. पोरगं टेबलाखाली बसायचं. जिथं ठेवू तिथं बसायचं, हलायचं नाही, रडायचं नाही, म्हणून जाऊबाईंनी नाव ठेवलं ठोंब्या. शाळेत जायला लागला तरी अभ्यास टेबलाखालीच. तो खालून मोठ्यानं धडे वाचायचा आणि वर जाऊबाई इस्त्री फिरवत ऐकायच्या. कुठे अडखळला की वरून आवाज, "पुन्हा वाच, मला नीट समजलं नाही." त्याला वाटायचं आई दटावते. तिला खरंच समजून घ्यायचं असायचं. हुशार होत्या हो जाऊबाई, पण लहानपणीच शाळेतून काढून कामाला लावलेल्या. ती कळ मनात होती.

पोरगा शिकत गेला आणि कॉलेजात प्राध्यापक झाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, लग्न केलं. आठवड्याचे शर्ट मात्र आईकडेच टाकायचा. त्याचं सगळं मार्गी लागल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आता माझी पाळी." बाहेरून परीक्षा देत देत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचल्यासुद्धा. चादरी करताना वाचायच्या. चादरीला फार लक्ष लागत नाही, म्हणून पुस्तक पाण्याच्या बाटलीला टेकवून उभं करायचं आणि हात चालू. मी म्हणायचे, "जाऊबाई, एक दिवस पुस्तकालाच इस्त्री कराल." त्या म्हणायच्या, "कोपरे दुमडलेत त्याचे, करायलाच हवी."

शेवटच्या वर्षाला इंग्रजीतली एक जाडजूड जुनी कादंबरी होती, दीडशे वर्षांमागची. मोठ्या माणसांचे वर्ग सुट्टीच्या दिवशी भरायचे. आणि त्या वर्षी ती कादंबरी शिकवायला कोण आलं? आमचे चिरंजीव!

जाऊबाईंना इतका आनंद झाला की मला चहा स्वतः करून दिला. दोनच दिवसांनी ठोंब्या दुकानात आला. गिऱ्हाईक नाही असं बघून आत आला आणि उगाच शर्टांच्या घड्या चाचपायला लागला.

"आई, ऐक ना. तिथं मला सर म्हण हं."

"बरं."

"आणि अहो-जाहो कर. सगळेच करतात."

"बरं."

"आणि आपलं नातं कुणाला सांगायची तशी काही गरज नाही. उगाच लोक म्हणायचे, आईला मार्क दिले."

मला राहवलं नाही. "मार्क तू कुठे देणार? पेपर तर बाहेर जातात ना तपासायला?"

"काकू, तुला त्यातलं काही कळत नाही."

"मला डागांतलं कळतं," मी म्हटलं. "कुठला डाग कशाचा, ते लांबूनही कळतं."

तो लालबुंद झाला. जाऊबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि त्याला म्हणाल्या, "बरं, सर." तो हसला. त्याला वाटलं, गंमत केली.

पहिल्या वर्गाहून जाऊबाई परत आल्या त्या नुसत्या फुललेल्या. मागच्या बाकावर बसल्या होत्या, एका नर्सबाईंच्या शेजारी. म्हणाल्या, "काय सुंदर शिकवतो गं!" आणि मग गाठोडं सोडता सोडता मला गोष्ट सांगायला लागल्या. एक पोरका मुलगा असतो. त्याला त्याचा मामा वाढवतो. मामा दारोदार हिंडून भांड्यांना कल्हई करणारा. पुढे मुलाला कुणाची तरी मदत मिळते, तो मोठ्या शहरात जाऊन साहेब होतो, चांगले कपडे, चांगली बोली, चांगली मित्रमंडळी. आणि एक दिवस समोरून मामा येताना दिसतो, पाठीवर भाता, हात काळे. मुलगा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने निघून जातो.

"हे सांगताना त्याचा गळा दाटून आला गं," जाऊबाई म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"त्या मामासाठी."

मी इस्त्री अशी आपटली टेबलावर! दीडशे वर्षांमागच्या कल्हईवाल्या मामासाठी याचा गळा दाटतो, आणि मागच्या बाकावर सख्खी आई बसलीय तिच्याकडे मान वळत नाही! जाऊबाई म्हणाल्या, "टेबल मोडशील." पण तेवढंच म्हणाल्या. माझी बाजू खोटी आहे असं काही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वेळी कुणीतरी वर्गात विचारलं, सर, तुम्हाला वाचनाची गोडी कशी लागली? सर म्हणाले, "आमच्या घरी पहिल्यापासून वाचनाचं वातावरण होतं." जाऊबाईंनी मला हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"वाचनाचं वातावरण!" मी ओरडले. "वाफेचं वातावरण होतं मेल्या! टेबलाखाली घामाघूम होऊन बसायचास!"

"तो इथं नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "मला कशाला ओरडतेस?"

पण खरी ठिणगी पडली ती नंतर. त्या मामाचं व्यक्तिचित्र सांगताना सर म्हणाले, लिहून घ्या: कल्हईवाला असूनही तो मनाने श्रीमंत होता. सगळ्यांनी लिहून घेतलं. जाऊबाईंनी हात वर केला. "सर, असूनही कशाला? कल्हई करणाऱ्याचं मन गरीब असतं असं कुणी ठरवलं?"

आणि आमचा ठोंब्या, टेबलाखाली वाढलेला, आईला म्हणाला, "मावशी, तो नुसता शब्दप्रयोग आहे. परीक्षेत तसंच लिहा."

मावशी! वर्ग हसला म्हणे. जाऊबाई घरी आल्या, एक उशीची खोळ घेतली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवतच राहिल्या. मी काढून घेतली हातातून. तेव्हा म्हणाल्या, "मला त्या लेखकाचा राग आलाय."

"लेखकाचा कशाला? लेकाचा म्हणा."

"नाही गं. शेवटपर्यंत वाचलं मी. तो मामा एकदासुद्धा ओरडत नाही. पोरगा रस्ता ओलांडून जातो, तर हा मान खाली घालून चालायला लागतो. शेवटी पोरगा येतो रडत, तर हा लगेच जवळ घेतो. लेखकाने त्याला देवमाणूस करून टाकलं, म्हणून पोराचं फावलं. एक सणसणीत ऐकवली असती ना, तर पुस्तक निम्मं झालं असतं." मग इस्त्री उभी करून म्हणाल्या, "माझ्याकडे एवढी पानं नाहीत."

त्या आठवड्यात ठोंब्या शर्ट न्यायला आला. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "या सर. बसा. चहा घेणार का तुम्ही?"

तो हसला. "आई, इथं कशाला?"

"सवय नको का व्हायला? वर्गात चुकून तोंडातून अरे निघालं तर तुमची पंचाईत व्हायची."

आणि मग बाईंनी जे धरलं ते धरलं. फोन आला की, "बोला सर." जेवायला बसला की, "भाजी वाढू का सर? संकोच करू नका." मध्ये तो तापाने आजारी पडला, तर डबा पाठवला आणि फोनवर विचारलं, "तुमची तब्येत आता कशी आहे?" बिचारा पलीकडून नुसता खोकत राहिला. आईच्या तोंडून अहो ऐकणं म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. शिव्या परवडल्या. शिव्यांत निदान आपण घरचे तरी असतो.

मीसुद्धा एकदा म्हटलं, "जाऊबाई, पुरे झालं, तुटेल." त्या म्हणाल्या, "मी कुठे ताणतेय? त्यांनीच मागून घेतलंय." पण तो गेला की पाठमोऱ्या उभ्या राहून इस्त्री फिरवता फिरवता पुटपुटायच्या, "ठोंब्या, ठोंब्या, मेला ठोंब्या." मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेवटचा वर्ग होता, त्यासाठी सरांना पांढरा शर्ट हवा होता. जाऊबाईंनी तो टेबलावर पसरला होता, आणि ठोंब्या समोर उभा. चेहरा असा उतरलेला की मलाही क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

"आई," तो म्हणाला, "हात जोडतो. मला अरे म्हण."

जाऊबाई बाह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणते की. उद्या वर्गात म्हणू?"

तो टेबलावरच्या कापडाची कड ओढून सारखी करायला लागला. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "अय्या, सर! तुम्हीही यांच्याकडेच कपडे टाकता?" मागच्या बाकावरच्या नर्सबाई, हातात गणवेशाचं गाठोडं.

आता बोल, मी मनात म्हटलं. देवाने दार उघडून दिलंय, आता तरी बोल.

"हो," ठोंब्या म्हणाला. "म्हणजे... हो. चांगली करतात या इस्त्री."

चांगली करतात या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याला काहीतरी फेकून मारावं म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तेव्हा वास आला. जाऊबाईंचा हात थांबला होता. या बाईचा हात कापडावर थांबलेला मी जन्मात पाहिला नव्हता. इस्त्री पांढऱ्या शर्टाच्या छातीवर तशीच टेकलेली, आणि त्या पोराकडे बघत उभ्या. त्या बघत होत्या आणि शर्ट जळत होता.

"अगं, शर्ट!" म्हणत ठोंब्याने झेप घेतली आणि इस्त्री धरली. धरायची कुठे हेही विसरला होता. बोटं थेट पत्र्यावर.

"आई गं!"

आता आई गं कुणीही म्हणतं. पायाला ठेच लागली तर त्या नर्सबाईही म्हणाल्या असत्या. नुसता शब्दप्रयोग आहे तो. पण जाऊबाईंनी इस्त्री बाजूला भिरकावली आणि त्याचं मनगट पकडून त्याला मोरीकडे ओढत नेलं. "काय झालं रे ठोंब्या? बघू, दाखव! झटकू नको, पाण्याखाली धर, धर म्हणते ना!"

नर्सबाई गाठोडं घेऊन तशाच उभ्या. "मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही सरांना काय म्हणालात?"

जाऊबाई भानावर आल्या. त्याचा हात सोडला. पदराला स्वतःचे हात पुसले. दिलेला शब्द मोडला होता ना, ते त्यांच्या तोंडावर दिसलं मला. "चुकून निघालं तोंडातून," त्या म्हणाल्या. "माफ करा, सर."

मला वाटलं, संपलं. आईने स्वतःच पळवाट काढून दिली होती, आता हा त्यातून सरळ निघून जाणार. पलीकडच्या कडेने.

तो नळाखाली बोटं धरून उभा होता. खाली बघत काहीतरी बोलला. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. "आई आहे माझी."

जाऊबाईंनी नळ बंद केला.

"काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "मी मागच्या बाकावर बसते."

ठोंब्याने मान वर केली. डोळे भरलेले, नाक गळतंय, पार टेबलाखालचा झाला होता. आणि म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या पंक्चरवाल्याने हातातलं चाक खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं.

जाऊबाईंनी त्याला जवळ वगैरे घेतलं नाही. जळका शर्ट टेबलावरून उचलला, छातीवरचा तपकिरी डाग उजेडात धरून बघितला आणि बाजूला टाकला.

"हा गेला," त्या म्हणाल्या. "उद्यासाठी दुसरा घेऊन ये, ठोंब्या. आणि वर्गातही असंच सांग, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं."