बावनथडीच्या डोहात, कमरेला दोर बांधून

आमच्या घरी सहल ठरते ती जेवताना आणि मोडते ती भांडी घासताना. या वेळी मोडली नाही, कारण भांडी सुनेने घासली आणि तिला जायचंच होतं.

होळी नुकतीच झाली होती. माझा मुलगा विलास बायको-मुलीला घेऊन नागपूरहून आंधळगावला आला होता. त्याने फोनवरून एक तंबू मागवला होता. गुंडाळला तर उशीएवढा, उघडला तर त्यात अख्खं बिऱ्हाड निजेल. तो कुठे लावायचा यावर त्यांची चर्चा चालली होती. मी भात वाढता वाढता म्हटलं, "बावनथडीवर चला. माह्या माहेराजवळ डोह आहे. मले बी पोहाचं आहे."

सगळे जेवायचे थांबले. आमच्या यांचा घास हातातच राहिला.

"तुले पोहता येते?"

"येते."

"कवापासून?"

"लहान होती तवापासून."

"अन् मले आज सांगून राहिली?"

"तुमी कधी इचारलंच नाही!"

खरंच सांगते, कोणी मना केलं म्हणून माझं पोहणं सुटलं असं नाही. माहेरी नदी दाराशी होती, आम्ही पोरी पलीकडच्या काठावर मोहफुलं वेचायला पोहूनच जायचो. लग्न होऊन आंधळगावला आले. इथे विहीर होती, मग नळ आला, आता छतावर टाकी आहे. टाकीत काय पोहणार? एवढ्या वर्षांत पाण्यात उभी राहिले ती धानाच्या रोवणीत, तीही घोट्याएवढ्या. चौथी शिकलेली बाई मी, मला जास्त नीट सांगता येत नाही, पण पाण्यावर उताणं पडलं की अंगाचं वजन कुठे जातं, ते मला मरायच्या आधी एकदा पुन्हा पाहायचं होतं. बस, एवढंच.

"जमत नाही," हे म्हणाले. "टोंगळे दुखतात म्हणून जिना चढत नाही, अन् नदी पोहते म्हणे! तठी जाऊ, पण तू पाण्यात उतराचं नाही."

मी यांना आणखी भात वाढला. जायचं तर ठरलं ना, मग पुढचं पुढे.

सकाळचा चहा घेऊन निघालो. तुमसरपर्यंत रस्ता चांगला आहे. तुमसरच्या बाजारात वांगी, सांबार (म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, नाहीतर पुण्याकडचे वाचणारे इडलीसोबतचं समजतील) आणि एक खरबूज घेतलं. पाण्याचे डबे इथेच भरून घ्या, पुढे दुकानं कमी. गोबरवाहीच्या बाजूला चिखल्याच्या मँगनीज खाणीचे ट्रक येतात, तेव्हा काच वर करायची. मी केली नाही, पळस फुललेला होता. सून प्रीती म्हणाली, "आई, नाक काळं झालं तुमचं." होऊ दे म्हटलं.

शेवटचा रस्ता कच्चा आहे. छोटी गाडी खालून घासते, म्हणून आम्ही सगळे उतरून चाललो आणि विलासने एकट्याने गाडी नेली. जागेचं नाव मी लिहीत नाही. लोक येतात आणि बाटल्या टाकून जातात. यायचंच असेल तर काठाच्या कोणत्याही गावात चहा प्या आणि विचारा, पोरं पार नदीपर्यंत सोडून देतात.

नदी दिसली आणि माझं बोलणंच बंद झालं. माझ्या घरच्यांना विचारा, असं किती वेळा होतं. एवढी मोठी पांढरी रेती, मधून पाण्याची निळी पट्टी आणि पलीकडे मध्य प्रदेशचं जंगल. वारा नव्हता, तरी मोहाचा वास येत होता.

पण जांभळीखालचा माझा डोह नव्हता! मी रस्ताभर सांगत आले होते की हत्ती बुडेल एवढं पाणी आहे. तिथे रेती होती आणि तिच्यावर एक बगळा.

यांना इतका आनंद झाला! "पोह आता. अठी तर बगळा बी उभ्यानं आंघोळ करून राहिला."

मला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात टोपली घेतलेली एक म्हातारी काठावरून जात होती. मी विचारलं, "बाई, अठचा डोह कुठं गेला वं?"

"डोह कुठं जाते माय? वरतं धरण झालं, तवा थोडा सरकला. त्या वळणाच्या पल्याड पाह." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "कोणाची वं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तिने टोपलीतली मूठभर मोहफुलं माझ्या पदरात टाकली आणि निघून गेली. आमच्या यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तंबूचे खुंटे रेतीत टिकत नाहीत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. विलास ठोकायचा आणि ते निघायचे. शेवटी प्रीतीने पिशव्यांत रेती भरली आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. फोनवर पाहिलं होतं म्हणे. संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. रेतीवर बसून खाल्लेल्या रोडग्यात थोडी रेती येते, ती चावायची नसते, हळूच गिळायची. आभाळ आधी पळसासारखं झालं, मग जांभळासारखं. दिवसभर तापलेली रेती खालून शेकत होती, टोंगळ्यांना, म्हणजे गुडघ्यांना, असा शेक कोणत्या डॉक्टरने दिला नाही. मी लहान लेकरासारखी निजले.

पहाटे मोह गळण्याच्या आवाजाने जाग आली. टप... टप. सगळे उठायच्या आत मी लुगड्याचा काष्टा घालून वळणापलीकडे गेले. डोह होता. हिरवागार, आणि त्याच्यावर वाफ.

आणि काठावरच्या दगडावर आमचे हे बसले होते. माझ्याआधी येऊन. हातात तंबूचा जास्तीचा दोर.

"मले माहीत होतं तू ऐकणार नाहीस," म्हणाले. "हा कमरेले बांध. एक टोक माह्या हाती राहीन."

"मी काय गाय आहो?"

"गाय ऐकते तरी."

बांधला. तोवर विलास, प्रीती आणि नऊ वर्षांची नात सानू धावत आले. विलास रबरी टायर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, तोंड यमाच्या दारात उभा असल्यासारखं.

पाणी गार होतं. पोटापर्यंत आलं तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू. विसरले असेन तर? मग पाय उचलले. आणि हात आपोआप चालायला लागले, जसे शेणाचा सडा टाकताना चालतात. मी उताणी झाले. कानात पाणी गेलं आणि जगाचा आवाज बंद झाला. फक्त माझा श्वास आणि खाली कुठेतरी रेती सरकल्याची सळसळ. वर आभाळ, त्यात एक घार. टोंगळे नव्हते, वय नव्हतं, गॅसवर ठेवलेलं दूध नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

मग पालथी होऊन पलीकडच्या काठाकडे निघाले. अर्ध्यात कमरेला हिसका बसला. दोर संपला होता.

वळून पाहिलं. हे दगडावरून उठून पाण्यात आले होते, ज्यांना अजिबात पोहता येत नाही ते, छातीएवढ्या पाण्यात, दोर ताणून धरलेला. विलास ओरडत होता, "आई, परत फिर!" मी यांच्याकडे पाहत राहिले. एवढ्या दुरून काय बोलणार?

तेवढ्यात दोर सैल झाला.

मी पलीकडच्या रेतीवर जाऊन बसले. दोर माझ्यामागे पाण्यावर लोळत आला होता. इकडून सानू नाचत ओरडली, "आबा, आजी मध्य प्रदेशात गेली! बिना तिकीट!"

परत आले तेव्हा हे ओल्या धोतरात थरथरत होते. मी टॉवेल दिला आणि विचारलं, "हातातून सुटला का?"

"नाही. म्याच सोडला."

"काहून?"

"तू थांबली नसती. ओढत नेलं असतं मले बी."

दुपारी खरबूज कापलं, बिया रेतीत पेरल्या आणि घरी निघालो. जाणाऱ्यांना सांगते, मार्चमध्येच जा, पुढे ऊन सोसत नाही. आणि पाण्याची ओळख नसेल तर त्या डोहात उतरू नका, काठावर बसूनही नदी पुष्कळ देते.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. टोंगळे पुन्हा दुखतात. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मधेच कान बंद झाल्यासारखे होतात आणि ती सळसळ येते, मग एक शिट्टी चुकते. हे मला काही बोलले नाहीत. पण घरासमोर पानठेला आहे, आणि संध्याकाळी खिडकीतून सगळं ऐकू येतं. पहिल्या दिवशी ह्यांनी तिथे सांगितलं, आमची बाई बावनथडी पोहून गेली. दुसऱ्या दिवशी नदीला थोडा पूर आला. काल नदी वैनगंगेपेक्षा रुंद झाली होती आणि त्यात एक मगर होती.

मी बाहेर जाऊन दुरुस्त करणार होते. मग म्हटलं, राहू दे. आणि खिडकी जरा जास्त उघडली.