मायनं मासळी सोडली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही बाकीचं सगळं बोलते आणि एवढंच गाळते — जणू त्याला ठाऊकच नसेल. तुम्ही आमच्या गावचे नाही, मायला तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ उचलते आहे.

माय म्हणजे माझी सासू. आणि गोष्ट तशी मांजराच्या एका पिलाची आहे. त्यात काय एवढं, असं म्हणाल. मीही कित्येक वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

आलापल्लीच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलाला लागून आमचं गाव. गावात तेव्हा एकच फोन होता, तोही बहुतेक वेळा मुकाच. माझं सासर ढिवराचं. सासरे आणि नवरा तळ्यात जाळं टाकायचे, संध्याकाळी गळ लावायचे. उरलेली मासळी माय वाळवायची आणि अहेरीच्या बाजारात नेऊन विकायची. लग्नाला माझं दुसरं वर्ष लागलं होतं. वाळवणाची राखण माझ्याकडे होती आणि गळही मीच सांभाळायची — जुन्या रबरी चपलेच्या तळव्याला टोचून, एका रांगेत.

त्या वर्षी नाल्याकाठच्या झुडपात एक रानटी मांजरी व्याली होती. कोणाच्या दारची नाही, कोणाच्या हाताला येणारी नाही. ती अंगणात यायची आणि बांबूच्या तट्ट्यावरची मासळी पळवायची. दोनदा पळवली, तीनदा पळवली. बाजाराच्या आदल्या दिवशी चांगली मरळ गेली, तेव्हा माय विहिरीवर चारचौघींत मला म्हणाली, “डोळे हायेत का बटनं लावून ठेवले वो?” बाया हसल्या. माय बोलायची आणि घागर भरेपर्यंत विसरायचीही. मी विसरणाऱ्यातली नाही. तेव्हाही नव्हते.

त्या संध्याकाळी मी चपलेवरचा एक गळ काढला, एका लहान मासोळीच्या पोटात खुपसला आणि दोरा तट्ट्याच्या खुंटाला बांधला. काय होईल असं वाटलं होतं मला? खरं सांगू — चांगलं दुखावं तिला, एवढंच वाटलं होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठले. दोऱ्याला मांजरी नव्हती. तिचं पिलू होतं. राखाडी, ओंजळीत मावेल एवढं. ओढून ओढून दमलेलं, दोरा तोंडातून बाहेर आलेला. मी विळा घेतला आणि दोरा कापला, अगदी ओठांजवळ. एवढा जवळ का? सुटावं म्हणून नव्हे — दिसू नये म्हणून. ते धडपडत पळालं. मी खुंटावरची गाठ सोडून दोरा चुलीत टाकला आणि चहा ठेवला.

दोन दिवसांनी ते मायला सरपणाच्या ढिगात सापडलं. लाळ गळत होती, उठवत नव्हतं. मला वाटलं होतं, ती काठीनं हुसकावेल. तिनं पदरात उचललं. ज्याची आई आमची मासळी पळवायची त्या पिलासाठी तिनं टोपलीत लुगड्याचा तुकडा अंथरला. शेजारून शेळीचं दूध आणलं, कापसाची वात भिजवून थेंब थेंब त्याच्या तोंडात पिळायला लागली. ते चावायचं, ओरबाडायचं. माय हाताला हळद लावायची आणि पुन्हा बसायची. “चार लेकरं वाढवली,” म्हणायची, “पर एवढे नखरे कोनाचे नाई सोसले.” आणि हसायची. ती इतकी हसलेली मी त्या घरात कधी पाहिली नव्हती.

मी टोपलीजवळ गेले की मात्र ते पिलू मागे सरकायचं. “तुले भेते काऊन?” माय विचारायची. सहजच विचारायची हो, पण खाई त्याला खवखवे. मी पाणी आणायला निघून जायची.

पाचव्या दिवशी माय मला म्हणाली, धर जरा, मी दूध पाजते. मी मान धरली आणि जबड्याखाली माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं. बाकदार. गळ होता तो, कातडीच्या आत. माझं बोट त्याच्यावर होतं आणि मायचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी मान धरून बसले, माय दूध पाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला काळीपिवळीत घालून आलापल्लीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गाडीत लोक हसले, मांजराले दवाखान्यात नेता काय म्हणून. मायनं टोपली मांडीवर घट्ट धरली होती. डॉक्टर भला माणूस. तोंड उघडून पाहायला गेला, पण जबडा सुजून मिटला होता. “तुम्ही मासळीवाले,” तो म्हणाला, “गळबिळ तर नाही ना गिळला यानं? तसं असेल तर भूल देऊन पाहता येईल.”

“गळ हिच्यापाशी असतेत,” माय म्हणाली. “इचारा.” आणि तिनं माझ्याकडे पाहिलं — अभिमानानं. सून नीटनेटकी होती ना तिची.

“सगळे जागेवर आहेत,” मी म्हणाले.

सुजेवरची भुकटी घेऊन आम्ही परत आलो. ते वाचलं असतं का, कोण जाणे. या वाक्याच्या आडोशाला मी खूप वर्षं बसले. आता नाही बसत.

त्यानंतर दूधही जाईना, म्हणून मायनं तांदळाची पातळ पेज केली आणि चमच्यानं तोंडाच्या कडेला सोडली. पिलू किंचाळलं. एकदाच. मग टोपलीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडलं आणि सकाळी गार झालेलं होतं.

माय त्या टोपलीपाशी बसली. मग मला विचारलं, “पेज गरम होती काय वो?”

पेज गरम नव्हती. मीच तर थाळीत ओतून निववली होती, बोट बुडवून पाहिलं होतं. तिला फक्त ‘नाई’ ऐकायचं होतं. पण ‘नाई’ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता — मग किंचाळलं काऊन?

मी म्हणाले, “असल.”

हीच ती गोष्ट. गळ नव्हे, हा शब्द. गळ रागात लावला होता. हा शब्द मी शुद्धीवर असताना, थांबून, तोलून दिला.

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, म्हणतात. माय उभ्या जन्मात चंद्रपूरच्या पलीकडे गेली नव्हती. काशीला जाणारा माणूस आवडीची एक वस्तू सोडून येतो, एवढं तिनं ऐकलं होतं. ती आमच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उतरली, ओंजळ भरून पाणी सोडलं आणि घरी येऊन म्हणाली, आजपासून मासळी बंद.

ढिवराच्या घरात. मरळीचं डोकं जिच्यासाठी राखून ठेवत, ती माय. अकरा वर्षं ती मासळी कापत होती, वाळवत होती, विकत होती आणि खात नव्हती. अकरा वर्षं मी सगळ्यांना रस्सा वाढला आणि तिच्या ताटात वरण. दोन्ही वेळा. घरातले आधी चिडवायचे, मग विसरले. मी कशी विसरणार? वाढणारी मीच होते.

आणि तिनं माझ्यावर माया केली हो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “माह्या सुनेनं त्या पिलाचं लई केलं.” मी ऐकून घ्यायची. डोळे मिटून दूध पिणारं मांजर त्या घरात एकच होतं.

शेवटच्या आजारात ती वाळून गेली. नवऱ्यानं ताकद यावी म्हणून मरळीचा रस्सा करवला, मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं वास घेतला. खूप वेळ घेतला. मग मान वळवली. “नको, बाई. माह्या हातून जीव गेला हाये.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. चमचा माझ्या हातात होता. मी तो वाटीत ठेवला आणि वाटी आत नेली. तीन दिवसांनी माय गेली.

मी मासळी खाते. त्या वर्षीही खाल्ली, ती गेल्यावरही खाल्ली, कालही केली होती. एकदा वाटलं होतं, आपणही सोडावी. नाही सोडली. सोडली असती तर कोणीतरी विचारलं असतं, काऊन?