मामा आणि दुसरी पसंती

मध्य प्रदेशात विधान परिषद नाही. त्यामुळे इंदूरचा पदवीधर कायद्याच्या दृष्टीने इतरांसारखाच साधा मतदार असतो. सीमेपलीकडे खानदेशात मात्र त्याच पदवीला स्वतंत्र आमदार निवडता येतो. माझे मामा तिथल्या पदवीधर मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले. त्यासाठी त्यांनी निवृत्तीला चार वर्षे असताना प्राचार्यपद सोडले. हरले तर घरी बसणे एवढेच हातात राहणार होते.

इंदुरात आमच्या अन्नपूर्णा भागात नोकरीसाठी आलेली, पण गावच्या मतदारयादीत नाव राखून असलेली बरीच खानदेशी कुटुंबे आहेत. आपण नक्की कुठले रहिवासी, याचा विचार मतदारनोंदणीचा अर्ज भरताना त्यांनी फारसा केलेला नव्हता. एका रविवारी सकाळी मामांनी त्यांना आमच्याकडे पोहे-जिलेबीला बोलावले आणि सराव मतदान घेण्याचे काम माझ्याकडे दिले. मी भौतिकशास्त्रात संशोधन करते, आणि सूचना द्यायला मला आवडते.

उमेदवार तीन. जांभळ्या पेनाने पहिल्या पसंतीपुढे १ लिहायचा, हवे असल्यास पुढे २ आणि ३. बाकी कोणतीही खूण नको. हे मी दोनदा सांगितले.

मतपत्रिका उघडल्या. एका निवृत्त राजपत्रित अधिकाऱ्यांनी खाली तारखेसह सही ठोकली होती. "सही नसलेला कागद मी जन्मात पुढे पाठवला नाही, बेटा," ते म्हणाले. एका प्राध्यापकांनी तिघांना अनुक्रमे ७२, ५८ आणि ४१ गुण दिले होते. बँकेतल्या एका साहेबांनी तिघांपुढेही १ लिहिला होता. "तिघंही ओळखीचे आहेत, भिया. नाराज कुणाला करायचं?" ते मामांना इंदुरी थाटात म्हणाले.

सुशिक्षितांच्या या तीन पत्रिका बाद करून मी वैध मते मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. जवळजवळ प्रत्येक पत्रिकेवर मामांपुढे २ होता.

"मामाजी तो घर के ही हैं," शेजारच्या काकू पोह्यांवर शेव पसरत म्हणाल्या. "ते कशाला रागावतील? पहिला त्या पक्षवाल्यांना दिला. मुलाच्या बदलीचं काम अडकलंय ना त्यांच्याकडे."

सगळे गेल्यावर मी मामांना समोर बसवले. "पहिल्या पसंतीची मतं ज्याला सर्वांत कमी, तो आधी बाद होतो. मग त्याच्या नावापुढचे २ कुणी बघतही नाही."

"पण सगळ्यांनी दिलेत गं!"

"म्हणूनच तर बाद व्हाल. तुमच्या प्रचारपत्रकावर नुसतं 'आपली पसंती द्यावी' छापलंय. 'माझ्यापुढे १ लिहा' असं स्पष्ट छापा, आणि भेटेल त्याच्याकडे तेच मागा."

"प्राचार्यानं दारोदार जाऊन पहिला नंबर मागायचा?" मामांनी चष्मा पुसला. "आणि हे इंदूर आहे. तिकडे माझे विद्यार्थी आहेत."

नमुना लहान होता, हे मला मान्य करावे लागले. पत्रक बदलले नाही.

मतमोजणीत सर्वांत आधी मामाच बाद झाले. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"बाजारात भेटेल तो म्हणतो, सर, मत तुम्हालाच दिलं. इतके सगळे खोटं बोलत असतील का गं?"

"नाही मामा. खरंच दिलं असेल."

कितव्या पसंतीचे, ते त्यांनी विचारले नाही. कॉलेजच्या नव्या प्राचार्यांनी निवडून आलेल्या आमदारांच्या सत्काराला बोलावले आहे, जावे की नाही, एवढेच विचारले.