चारचं ‘ठीक’

पडदा वर जातो तेव्हा समोर विद्यापीठातली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आहे. लाकडी बाकं, पांढरा फळा, कण्हत फिरणारा पंखा. सकाळचे अकरा. वर्ग गुन्हेगारीशास्त्राचा. बाकांवर विशी-बाविशीतली मुलंमुली, आणि फळ्याजवळ एक जाड वही छातीशी धरून उभी असलेली एकसष्ट वर्षांची बाई. मी मागच्या बाकावर. तिचा शेजारी, जुना नट, आणि आठवडाभराचा तालीम मास्तर.

तीस वर्षं ती महिला तुरुंगात पहारेकरीण होती. निवृत्तीनंतर तिने इथे नाव घातलं तेव्हा लेक म्हणाली होती, “आई, तीस वर्षं आत काढलीस, अजून शिक्षा बाकी आहे का?” पहिल्याच दिवशी तास सुटल्यावर ती सवयीने दारात उभी राहून बाहेर पडणाऱ्यांची डोकी मोजू लागली. पोरांनी नाव ठेवलं, जमादारमावशी. तिने ते हसत घेतलं, आणि परीक्षेआधी त्याच पोरांकडून तुरुंगाचे नियम घोकून घेतले.

दुसऱ्या वर्षी सरांनी, वयाने तिच्या लेकीएवढे असतील, एक अभ्यास काढला. तुरुंगातल्या जुन्या फेरीवह्या त्यांना मिळाल्या होत्या. पहाऱ्यावरच्या बाईने दर अर्ध्या तासाला प्रत्येक कोठडीत डोकवायचं आणि वहीत वेळ घालून ‘ठीक’ लिहायचं, असा नियम. वर्गाने दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. फेरी एकही चुकलेली नाही, तरी कैदी जिवाचं बरंवाईट करून घेतात. तेव्हा एवढ्या फेऱ्या कशाला, दोन तासांनी एक पुरे, असा निष्कर्ष निघाला. अहवाल तुरुंग खात्याकडे जायचा होता. त्याआधी तो वर्गापुढे मांडायचं काम मावशीकडे आलं, कारण तुरुंग आतून पाहिलेली ती एकटीच.

त्यासाठीच ती माझ्याकडे आली, असं मला वाटलं. मी आपला सांगतोय, श्वास बेंबीपासून घे, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यासाठी बोल. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि भलतंच सांगितलं. फेऱ्या होतच नसत. पन्नास कोठड्या आणि बाई एक. पाळी सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत पुढच्या सहा तासांचे ‘ठीक’ लिहून सगळ्या मोकळ्या होत. तीसुद्धा. एका दुपारी पावणेचारला, तिची पाळी संपत आलेली असताना, एक कोवळी पोर कोठडीत मेलेली सापडली, आणि वहीत चारचं, पाळीतलं शेवटचं ‘ठीक’ आधीच बसलेलं. मावशीने ते ब्लेडने खरवडलं. साडेतीनचं राहू दिलं. त्याच्याच जोरावर ती चौकशीतून सुटली.

लेकीला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, चौकशी पुन्हा उघडली तर या वयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवशील, म्हणाली. मीही तिचीच री ओढली. म्हटलं, त्या दिवशी आजारी पड, दुसरं कोणी वाचेल. रंगमंचावर मी पुष्कळ शूरवीर झालो, पण त्यांची वाक्यं कोणीतरी लिहून दिलेली असत.

ती आजारी पडली नाही. तिने छातीशी धरलेली ती जुनी फेरीवही उघडली, एक पान खिडकीपुढे धरलं, आणि खरवडलेल्या जागेतून उजेड आरपार आला. मग तिने सगळं सांगितलं. मी शिकवलेलं तिने काहीच वापरलं नाही. सपाट, हळू बोलली, तरी शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचला. शेवटी एवढंच म्हणाली की कमी करायला मुळात फेऱ्या झालेल्याच नाहीत, तेव्हा हा अहवाल पाठवू नका.

सरांची सगळी मेहनत त्या एका पानातून गळून गेली होती. ते खुर्चीत बसले, चेहऱ्यावरून हात फिरवला. माणूस सज्जन. म्हणाले, अहवाल थांबवतो, नव्याने लिहू, तुमची हकीकत त्यात घालू. अशा अभ्यासात माणसाची ओळख झाकायची रीत असते. ‘एक माजी पहारेकरी’ एवढंच लिहीन, तुमच्यापर्यंत कोणी पोचणार नाही. मी मागे सुटकेचा श्वास घेतला.

तिने वही मिटून त्यांच्या टेबलावर ठेवली.

“नको, सर. ती पोर गेली तेव्हा तिचं नाव पेपरात आलं होतं. माझंही घाला.”