लाल डब्यातला ट्रॅक

"नाव सांगा, आणि सकाळी काय खाल्लं ते सांगा."

कॉलरला माईक लावला की काका प्रत्येकाला हेच म्हणायचे. समोर नगरसेवक असो, कीर्तनकार असो, नाहीतर कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात भाषण द्यायला आलेला मोठा साहेब असो. साहेब आधी गोंधळायचा, मग हळूच म्हणायचा, "ओट्स." काका हेडफोन नीट करत विचारायचे, "म्हंजी काय?" साहेब समजावून सांगायचा आणि तेवढ्यात काकांची आवाजाची पातळी लावून झालेली असायची. नाव सांगताना माणूस ताठ होतो, खाण्याबद्दल बोलताना खऱ्या आवाजात येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुष्कळदा तपासून पाहिलं. सोळा आणे खरं होतं.

आमचा स्टुडिओ निगडीत, पिठाच्या गिरणीच्या वर. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना चिकटवलेला फोम आणि एक पंखा, जो रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागतो. मी तिथे एडिटिंग करते. काका महाळुंग्याचे. उभा जन्म कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात गेला, रिटायर झाल्यावर ते आवाजाच्या धंद्यात आले. "उजवा कान प्रेसला दिला, डावा तुमाला," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. खाली ज्वारी दळायला आली की ते काम थांबवायचे, बाजरी आली तर चालू ठेवायचे. दोन्हींतला फरक मला आजतागायत कळलेला नाही.

त्यांचं मुख्य काम आवाज वेगळे करण्याचं. आठ माणसांना आठ माईक लावले तरी आमचं रेकॉर्डर सगळं एकाच फाईलमध्ये कोंबतं. कॉम्प्युटरवर ती एक जाड पट्टी दिसते. ती फोडून तिचे आठ ट्रॅक करायचे, म्हणजे मग एकेकाचा आवाज वाढवता येतो, कमी करता येतो, नाहीतर सरळ बंद करता येतो. खरं तर दोन बटणांचं काम. काकांना त्याला अख्खी दुपार लागायची, कारण ते प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा ऐकायचे. एका माणसाच्या माईकमध्ये शेजारच्याचा आवाज थोडा येतोच. मी त्यावर चिडले की म्हणायचे, "शेजारी हाय ताई, घरात येणारच."

एकदा मी त्यांना आपोआप आवाज वेगळे करणारं नवं सॉफ्टवेअर दाखवलं. त्याने एका सुप्रसिद्ध कीर्तनकारांचा आवाज 'इतर' या खात्यात टाकला. काका दोन दिवस हसत होते. त्यानंतर त्या सॉफ्टवेअरचं नाव खोलीत निघालं नाही.

आता त्यांच्या दोन खोडी सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांतूनच झाला. पहिली, ते ट्रॅकला माणसाचं नाव द्यायचे नाहीत, नाश्त्याचं द्यायचे. "एका मंडळात तीन दत्ता असत्यात. पण तिघांनी एकच खाल्लं असं कधी हुत न्हाई." त्यामुळे माझ्या स्क्रीनवर एकाखाली एक पोहे, मिसळ, उपवास, कालची खिचडी अशी यादी यायची आणि अकरा वाजताच भूक लागायची. ओळख पटली की सुरुवातीची ती नाव-नाश्त्याची बोलणी ते कापून टाकायचे. दुसरी खोड रंगांची. प्रेस शॉपमध्ये चांगला पार्ट हिरव्या डब्यात, दुरुस्तीचा पिवळ्यात आणि रिजेक्ट लाल डब्यात. काका ट्रॅकलाही तेच रंग द्यायचे. मी मात्र क्लासमध्ये शिकले होते की मुख्य गायकाचा ट्रॅक लाल करायचा. यावरून आमचं दर आठवड्याला वाजायचं. मी म्हणायची, "काका, हा कारखाना नाही." ते म्हणायचे, "मग हजेरी कशाला लावता?"

तर, त्यांच्याच गावच्या भजनी मंडळाला राजगुरुनगरच्या स्पर्धेत उतरायचं होतं. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, ते पसंत पडलं तर स्टेजवर बोलावणार. आठ माणसं आमच्या त्या खोलीत मांडीला मांडी लावून बसली. बुवा, पेटीवाला, मृदंगवाला, चार टाळकरी आणि नाना. नाना म्हणजे मंडळातले सर्वांत जुने गृहस्थ. दात गेलेले, गुडघे गेलेले आणि सूर, खरं सांगायचं तर, तोही बराचसा गेलेला. गाताना ते बहुतेक वेळ नुसते ओठ हलवत होते.

रेकॉर्डिंग संपवून मंडळी खाली चहाला गेली तेव्हा बुवा मागे राहिले. काकांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नानांचं तेवढं काढून टाका. त्यांना कळू देऊ नका. स्टेजवर त्यांच्या जागी आमचा मेहुणा बसंल. जाकिटं बी शिवायला टाकलीत, त्याच्या मापानं."

काका माईक काढून ठेवत राहिले. मला नानांचं फार वाईट वाटलं. चाळीस पावसाळे त्या मंडळात बसलेला माणूस, आणि त्याची जागा शिंप्याकडे परस्पर ठरली होती. पण मी पडले परगावची, उदगीरची. महाळुंग्याच्या भजनात मी काय तोंड घालणार?

दुसऱ्या दिवशी काकांनी ट्रॅक वेगळे करायला घेतले. एका ट्रॅकवर ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी बुवांना फोन लावला. "बुवा, नानांचं काढण्याआधी एकदा येऊन ऐका." पलीकडून बुवा इतक्या जोरात बोलले की मलाही ऐकू आलं. "काय ऐकायचं त्यात? काढा म्हनलं ना." काकांनी फोन ठेवला. "ठीक हाय," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी काम पुरं केलं, फाईल माझ्या कॉम्प्युटरवर टाकली आणि घरी गेले.

तिसरा दिवस गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या हातात जेमतेम तासभर होता. स्क्रीनवर आठ ट्रॅक होते, पोहे, वडापाव, उपमा, शेव-चिवडा वगैरे. त्यांत एकच लाल, नाव 'शिळी भाकर आणि चहा'. नानांचा ट्रॅक काकांनी आधीच काढला असेल, असं मी धरून चालले. ट्रॅक मोजायचं मला सुचलं नाही. घाईत काकांचे डबे आठवलेच नाहीत; लाल म्हणजे मुख्य गायक, म्हणजे बुवाच. मी तो लाल ट्रॅक चांगला वर उचलला. सुरुवातीची दोन मिनिटं पेटी आणि आलाप होता, तेवढं ऐकलं, झकास वाटलं, मंडळाला फाईल पाठवली आणि वीज गेली.

रविवारी सकाळी मंडळाने ते रेकॉर्डिंग देवळासमोर स्पीकरवर लावायचं ठरवलं. स्पर्धेला पाठवण्याआधी गावाने ऐकावं म्हणून. काकांनी मला जेवायला म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली होती. मेहुणा पहिल्या रांगेत, नवं जाकीट घालून.

आलाप संपला आणि स्पीकरमधून, भजनाच्या वर, नानांचा आवाज खणखणीत आला. "बुवा, पट्टी सोडली. धरा, धरा." मग पुढच्या ओळीचा पहिला शब्द. लगेच सगळ्यांनी ती ओळ उचललेली. मग पुन्हा नाना. "दत्ता, टाळ खाली. तू न्हाई, दुसरा दत्ता." पुन्हा पुढच्या ओळीचा शब्द, पुन्हा सगळ्यांचं गाणं. "आता तिसरं. तिसरं म्हनलं बुवा, चौथं न्हाई." आणि मध्येच, अगदी करुण, "गुडघा गेला माझा."

लोक आधी एकमेकांकडे बघत होते, मग हसू लागले, मग एक आजी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. लाल ट्रॅक बुवांचा नव्हताच, नानांचा होता, हे मला तेव्हा कळलं. बुवा विटेसारखे लाल झाले होते. नाना तर मान वर करेनात. त्यांना वाटलं, आपण सगळ्यांचं भजन नासवलं.

रेकॉर्डिंग संपलं. ठसका लागलेल्या आजींनी पाणी पिऊन विचारलं, "म्हंजी समदं नानाच सांगत्यात व्हय?"

"काही न्हाई," बुवा म्हणाले. "आमाला समदं पाठ हाय."

"मग म्हणा की. नाना, तुमी इकडं या, माझ्याजवळ बसा."

आता माघार घेता येईना. सातजण बसले, आठवा मेहुणा. पहिलं कडवं छान झालं. दुसरं जरा चाचपडत. तिसऱ्याला मात्र बुवांनी एक ओळ धरली, पेटीवाल्याने दुसरी, दोन दत्तांनी चौथ्या कडव्यातली आणि तिसऱ्या दत्ताने चक्क वेगळ्याच अभंगातली. मेहुण्याने डोळे मिटून फक्त टाळ वाजवला, तो मात्र तालात होता. मृदंगवाल्याने हात काढून घेतले आणि तो हसत बसला. इतकी वर्षं आपल्याला पाठ आहे असं आठातल्या सातजणांना अगदी मनापासून वाटत होतं. नाना इतक्या हळू सांगायचे की सांगितलेलं आणि आठवलेलं यात फरकच राहिला नव्हता.

बुवा मोठ्या मनाचे, हे मला कबूल केलं पाहिजे. ते उठले, मेहुण्याच्या अंगातलं जाकीट त्यांनी स्वतः उतरवलं आणि नानांच्या खांद्यावर घातलं. नानांचे हात बाह्यांत हरवले. मेहुण्याला वायरी गुंडाळायचं काम मिळालं आणि तो त्यात पटाईत निघाला.

बसस्टॉपवर मी काकांची माफी मागितली. म्हटलं, "लाल म्हणजे बुवा असं समजले मी."

"बुवांनी सांगितलं तसं मी लाल केलं. फुडं काय वाजवायचं ते तुमचं काम."

"पण माझ्याकडे लाल म्हणजे काय, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं काका."

"बस आली," काका म्हणाले. ती चाकणला जाणारी बस होती, मला निगडीला जायचं होतं, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी हे सगळं जाणूनबुजून केलं होतं. मी खोटा राग आणून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मनातून मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता.

पुढे त्यांनी नानांच्या ट्रॅकमधलं पुटपुटणं तीन दुपार बसून एकेक करून कापलं, गाणं तेवढं ठेवलं आणि ट्रॅक हिरवा केला. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बुवा पहिलं मिळाल्यासारखे मिरवले.

मागच्या थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दशक्रिया नदीकाठच्या घाटावर होती. आपल्याकडे दशक्रियेला भाषणं होतातच. एका पुढाऱ्याने काकांना उद्योगरत्न म्हटलं, दुसऱ्याने त्यांचं आडनाव चुकवलं, तिसरा स्वतःच्याच कामांची यादी वाचून खाली बसला. त्यांना माईक द्यायला मी उभी होते. काका असते तर प्रत्येकाला नाश्ता विचारून त्याची हवा काढली असती. मग मंडळाला बोलावलं.

दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या तोंडाशी टाळ वाजत राहिले आणि ओळ आली नाही. नाना गप्प होते. त्यांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. सातजणांनी त्यांच्याकडे पाहिलं. अभंगांची वही बुवांच्या मांडीजवळच होती. बुवांनी वहीला हात लावला नाही. एकेक टाळ थांबला, मृदंग थांबला. निवेदकाने पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेव्हा बुवांनी त्याच्याकडे न बघता नुसता हात वर केला. तोही गप्प झाला. सगळा घाट नानांसाठी थांबला होता. माझे डोळे भरून आले, पण नानांपुढे धरलेला माईक मी हलू दिला नाही.

नानांनी उपरण्याने नाक पुसलं. मग त्यांनी पुढचा शब्द सांगितला, आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.