आईच्या हाताला पुरेल इतक्या उंचीवर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं सांगण्याच्या ओघात मी ते पुन्हा कुठेतरी झाकून ठेवीन, आणि झाकून ठेवण्यात मी किती तरबेज आहे हे मला आता कळून चुकलं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे ओमानात, वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये आलो. सामान लावताना मी आमचं लाकडी देवघर 'तूर्त इथे' म्हणून बेडरूममधल्या कपाटावर चढवलं आणि ते तिथेच राहिलं. माझी बायको वैशाली उंच आहे. शाळेत शिकवून आली की संध्याकाळी ती टाचा उचलून दिवा लावायची. मी कामावर जाता-येता खालूनच हात जोडायचो. तेवढं मला पुरत होतं.

गेल्या हिवाळ्यात राजापूरजवळच्या आमच्या गावाहून आई आली. बहात्तर वर्षांची, उंचीने पाच फुटांच्या आतली. पहिल्याच सकाळी आंघोळ करून ती कपाटासमोर उभी राहिली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "देव खाली घे रे बाबा. माझा हात पुरत नाय." मी म्हणालो, "शुक्रवारी घेतो." इथे शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. आठवडाभराची सगळी कामं आम्ही त्याच्यावर ढकलतो आणि शुक्रवार उजाडला की उशिरा उठतो. एका शुक्रवारी मत्रहच्या बाजारात मासे आणायला गेलो, एका शुक्रवारी मित्राकडे जेवायला, एका शुक्रवारी नुसताच झोपलो. आई दर गुरुवारी विचारायची, "उद्या शुक्रवार ना?" मी म्हणायचो, "हो, उद्या करतो, इन्शाल्ला." तिने माझ्या मुलीला, सईला, त्या शब्दाचा अर्थ विचारला. सईने तिच्या अडखळत्या मराठीत सांगितला, 'देवाची इच्छा असेल तर'. आई समाधानाने म्हणाली, "मग होणारच. देवाचं नाव घेऊन सांगतोय तो." तिच्यापुरतं ते वचन होतं. मी मात्र तिला गप्प करण्यासाठी देवाचं नाव वापरत होतो.

आणि माझा धंदा काय, तर अल् खुवैरमधल्या इमारतींच्या एसींची देखभाल. दिवसभर आमची माणसं माझ्या देखरेखीखाली लोकांच्या भिंतींवर भारी यंत्रं टांगतात. ड्रिल मशीन कायम माझ्या गाडीच्या डिकीत असतं. एक फळी ठोकायला मला वीस मिनिटंही लागली नसती.

त्या बुधवारी संकष्टी होती. वैशाली शाळेत, मी कामावर. सईची परीक्षा सुरू होती, म्हणून ती अकराच्या सुमारास घरी आली आणि तिचा फोन आला. "बाबा, आजी खाली आहे. उठत नाही. तिचा पाय राँग दिसतोय." घरी पोचलो तर आई कपाटाजवळ पडलेली, शेजारी आडवं झालेलं प्लॅस्टिकचं स्टूल, हातात फुलवातीची डबी तशीच घट्ट. मला बघून ती म्हणाली, "दिवा अजून लावला नव्हता, म्हणून बरं. नायतर घर पेटलं असतं." मी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत मी काय केलं, तेही लिहून टाकतो. मी ते स्टूल उचललं, मागच्या बाल्कनीत अडगळीच्या सामानाखाली ठेवून आलो, आणि आलेल्या माणसांना सांगितलं की आई बाथरूममध्ये घसरली. सईने मला स्टूल नेताना पाहिलं होतं. आई वेदनेने डोळे मिटून पडली होती, पण माझं खोटं तिने ऐकलं होतं.

डॉक्टर ओमानी, माझ्याच वयाचे, उत्तम हिंदी बोलणारे. मांडीचं हाड गुडघ्याच्या चार बोटं वर तुटलं होतं आणि एक भेग खाली थेट सांध्यात उतरली होती. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर हाड काढून मला समजावलं. एक मार्ग म्हणजे पाय बांधून, वजन लावून आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायचं. ऑपरेशन टळतं, पण या वयात नुसतं पडून राहण्यानेच छाती भरते, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि गुडघा आखडतो. दुसरा मार्ग, गुडघ्यातून हाडाच्या पोकळीत सळई घालायची. तिसरा, हाडाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावून स्क्रूंनी बसवायची. जखम उघडी असेल किंवा पेशंटला मोठं ऑपरेशन सोसणार नसेल, तर काही दिवस पायाला बाहेरून चौकट लावतात. आणि हाडाचा अगदी चुराच झाला असेल, तर ते टोक काढून कृत्रिम सांधा बसवतात. आईच्या बाबतीत सांध्यातली भेग आधी तंतोतंत जुळवायची आणि मग पट्टी लावायची, असं त्यांचं मत होतं, आणि तेही दिवस न घालवता.

मी विचारलं, म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडात स्क्रू धरतील का? आमच्याकडे पोकळ विटेच्या भिंतीत साधा स्क्रू हातानेही निघून येतो. डॉक्टर हसले. या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते पट्टीतच घट्ट बसतात. पट्टी आणि सगळे स्क्रू मिळून एकच वस्तू होते, आणि भार कुठल्याही एकट्या स्क्रूवर पडत नाही. मला ते लगेच पटलं. मग त्यांनी वहीत बघत सहज विचारलं, "गिरी कैसे थीं? बाथरूम में?" मी हो म्हणालो.

आई शुद्धीत होती, सही तिचीच लागणार होती. पण ती म्हणाली, "तू सांगशील तसं." तिकडे गावाहून दादा, माझा मोठा भाऊ, फोनवर फोन करत होता. "परक्या मुलखात आईला कापायला देऊ नकोस. प्लास्टर घाल आणि विमानात बसव. इथे आपला हाडवैद्य आहे." डॉक्टरांनी अशा पायाने विमानप्रवास धोक्याचा आहे हे स्पष्ट सांगितलं होतं. तरीही माझं मन तिकडेच ओढ घेत होतं, आणि त्याचं कारण काळजी नव्हतं. आई गावी गेली तर ती कशी पडली हा प्रश्नही तिच्याबरोबर जाईल, असं मला वाटत होतं. आई पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहील की नाही, हे ठरवण्याच्या वेळी मी स्वतःची कातडी वाचवत होतो.

गुरुवारी दुपारी स्त्रियांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी दादाशी फोनवर हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि रडू आवरेना. इतक्यात कोणीतरी जमिनीवर वॉकर आपटला. समोर काळ्या पायघोळ अबायातली, गोऱ्या सुरकुतलेल्या चेहऱ्याची एक बाई उभी होती. आईच्याच वयाची.

"गावचा कुठला रं तू?"

"राजापूरकडचा."

"मी हर्णैची. म्हंजे शेजारीच."

हर्णै आणि राजापूर यांच्यात अर्धाअधिक रत्नागिरी जिल्हा येतो, पण त्या घडीला मला ते खरंच शेजारचं वाटलं. सगळे त्यांना चाची म्हणत. चाचींच्या मुलाचं मत्रहच्या बाजारात दुकान. त्या स्वतःच्या पायाचा एक्स-रे दाखवायला आल्या होत्या आणि माझं मराठी ऐकून थांबल्या होत्या. "तुटलेला पाय घेऊन आवशीला इमानात बसवणार? मडकं हाय काय ती, पेंढ्यात बांधून न्यायला? माझ्याकडं बघ. हितल्याच डाक्टरनं माझ्या मांडीत पट्टी मारली. तीन म्हयने झाले. कुठं हाय तुझी आवस?"

मी वॉर्डाच्या दाराकडे बोट केलं. दारावरच्या केरळी सिस्टरने त्यांना ओळखलं आणि पाच मिनिटं म्हणून आत सोडलं. पडदा ओढल्याचा आवाज आला. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चाची बहुधा आईला पायावरचा वण दाखवत असाव्यात, कारण आई म्हणाली, "अगो बाय, एवढा लांब?" मग कुजबुज. मग चाचींचा आवाज, "दुसऱ्याच दिवशी गुडघा वाकवायला लावला मेल्यांनी. मी त्या व्यायाम घेणाऱ्या पोरीला आपल्या भाषेत अशा शिव्या दिल्या! आणि ती म्हणते, थँक्यू ममा!" आणि त्यानंतर मला आईचं हसू ऐकू आलं. खळखळून, मग कळ आल्यामुळे 'आई गं', आणि लगेच पुन्हा हसू. दोन दिवसांत माझ्या कोणत्याही धीराच्या शब्दाने जे झालं नव्हतं, ते त्या पडद्याआड घडत होतं. मी बाकावर बसून हात जोडले. कोणाला, ते मला तेव्हा नेमकं ठाऊक नव्हतं.

पाच मिनिटांची वीस मिनिटं करून चाची बाहेर आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिची तयारी झाली. आता तुझी राहिली. देवाला दिवा लावायला स्टुलावर चढले, असं मला म्हणाली. आणि तू डाक्टरला न्हाणीघर सांगितलंस. ती तुझी लाज राखतेय, म्हणून कोणाला बोलत नाय. अल्लाला ठावं हाय रं, त्याला सांगायची गरज नाय. डाक्टरला मात्र सांगायला पायजे."

मी उठलो आणि तसाच डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, स्टूल लपवल्याचंही. ते रागावतील या भीतीने मी जमिनीकडे बघत होतो. ते म्हणाले, "अच्छा किया, बता दिया. ऊँचाई से गिरी हैं तो कमर और पीठ भी देख लेते हैं." लगेच कंबरेच्या आणि पाठीच्या हाडांची तपासणी झाली. दोन्ही शाबूत निघाली. मग ते फाइल मिटत म्हणाले, "मेरी माँ भी सीढ़ी पर चढ़ती हैं. मना करो तो उल्टा मुझे डाँटती हैं. कल सुबह ऑपरेशन करेंगे, इन्शाल्ला."

तो शब्द मी आयुष्यात हजारदा ऐकला आणि हजारदा वापरला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला पूर्ण ऐकू आला. हा माणूस काम टाळत नव्हता. आपल्या हातात आहे ते सगळं करायचं ठरवून, उरलेलं तो देवावर सोपवत होता. मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या हातातलं वीस मिनिटांचं काम मी देवावर सोडलं होतं.

ज्या शुक्रवारी मी देव खाली घेणार होतो, त्याच शुक्रवारी आईचं ऑपरेशन झालं. आत नेताना ती मला म्हणाली, "एवढं लोखंड घालतायत, विमानतळावर वाजेल काय रे?" दार बंद झालं. तीन तासांत मला करण्यासारखं काहीच नव्हतं. हाताशी ड्रिल नाही, टेस्टर नाही, कोणाला हाक मारून हुकूम द्यायचा नाही. दुपारची अजान झाली, जुम्म्याच्या नमाजासाठी लोक उठून गेले, आणि मी रिकाम्या बाकांमध्ये आमच्या गावच्या देवीला म्हणालो, मला काही मागायचा हक्क नाही, पण आई तुझ्याकडेच यायला चढली होती. त्यानंतर मन आश्चर्य वाटावं इतकं शांत झालं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला. मम्मी ठीक हैं."

संध्याकाळी मी दादाला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "अंगणातला तो वर आलेला दगड चार वर्षं 'काढतो' म्हणतोय मी. उद्याच काढतो." आम्ही दोघेही हसलो.

आई घरी आली त्या दिवशी तिला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं आणि हात वर करायला सांगितलं. तिचा तळवा जिथे सहज पोचला, तिथे सईने भिंतीवर पेन्सिलने खूण केली. मी भोकं पाडली, पोकळ भिंतीला लागतात तसे अँकर ठोकले, फळी बसवली, आणि देव खाली आले. आई रोज खुर्चीत बसून दिवा लावू लागली. पायावर भार द्यायला बंदी होती, गुडघा मात्र रोज वाकवायचा. फोनवर चाची विचारायच्या, "शिव्या दिल्यास काय आज?" आई म्हणायची, "दोन दिल्या." प्रत्येक एक्स-रेत हाड थोडं अधिक सांधलेलं दिसायचं. अकराव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, चला, आता पूर्ण पाय टेकवा.

त्या बाईंना त्या वेळी त्या बाकापाशी कोणी आणलं, यावर मी वाद घालत नाही. एक्स-रेची तारीख होती म्हणून त्या आल्या, हेही खरंच आहे. मला एवढंच कळतं, की मी लपून बसलो होतो आणि कोणीतरी वॉकर आपटून मला बाहेर काढलं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होतो. मला आता वाटतं, खरं बोलून मोकळं होणं ही त्याची पहिली पायरी असावी. पण माझी ती पायरीसुद्धा अर्धीच चढून झाली होती. डॉक्टरांना सांगितलं, दादाला सांगितलं, वैशालीला सांगितलं. जिला सांगायला हवं होतं, तिच्याच समोर अकरा आठवडे जीभ उचलली नव्हती.

परवाच्या शुक्रवारी सकाळी आई वॉकर घेऊन बेडरूममधून देवापर्यंत स्वतः चालत आली. सई मागून मोठ्याने पावलं मोजत होती आणि मराठीत एकोणीसनंतर अडली, म्हणून आईनेच 'वीस' म्हणून शेवटचं पाऊल टाकलं. वैशालीने टाळ्या वाजवल्या. आई खुर्चीत बसली, दिवा लावला, ज्योत स्थिर होईपर्यंत हाताचा आडोसा धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते स्टूल कुठं गेलं रे? दिसलं नाय परत." सईने माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीत गेलो, सामानाखालून स्टूल काढलं, पुसलं, आणून आईच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्याच्यावर बसलो. तिच्या गुडघ्यावर, ऑपरेशनच्या लांब वणावर, हात ठेवला आणि सगळ्यांच्या समोर म्हणालो,

"आई, तू पडलीस ती माझ्यामुळे. देव वर मी ठेवले, देवाचं नाव घेऊन शब्द मी दिला आणि मीच मोडला. तू जमिनीवर पडली होतीस आणि मी आधी हे स्टूल लपवलं. माझं चुकलं, आई. मला माफ कर."