फ्रान्सचा किल्ला मी कसा सर केला

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगते. घोट तोंडात असताना ऐकलंत तर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल. फजित्या माझ्या आयुष्यात कमी झालेल्या नाहीत. पण बाकीच्या झाल्या घरात, फार तर जिन्यात. ही झाली दोनशे माणसांसमोर, माइकवर, आणि तीही भिंतभर रंगीत चित्रं दाखवून!

गोष्ट बहरीनची. म्हणजे घडली फ्रान्समध्ये, पण फुटली मनामात. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. माझे यजमान तिथे एका बँकेत होते. अख्खं मनामा त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. मी साताऱ्याची, चौथी पास. पुढचं सगळं माझं मी शिकले. इंग्रजी शिकले वर्तमानपत्रावरून, शिवण शिकले उसवलेल्या ब्लाउजवरून, आणि कॅमेरा शिकले त्याच्या खोक्यातल्या कागदावरून. शिकवणी लावली नाही आणि कुणाचे उपकारही घेतले नाहीत.

दर शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी एका शाळेच्या हॉलमध्ये आपलं मराठी मंडळ जमायचं. मंडळाच्या सेक्रेटरी लीलाताई. पुण्याच्या, इतिहासात एम.ए. हे त्या नमस्कार करायच्या आधी सांगायच्या. महिन्यातून एकदा व्याख्यान असे. व्याख्यान शिकलेल्यांनी द्यायचं आणि वडे मी तळायचे, अशी वाटणी. एक नाही, दोन नाही, सात वर्षं! ज्वालामुखीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत सगळी व्याख्यानं मी कढईसमोर उभी राहून भिंतीपलीकडून ऐकली.

शेवटी एका शुक्रवारी झारा खाली ठेवला आणि गेले लीलाताईंकडे.

"लीलाताई, पुढचं व्याख्यान मी देते."

"अगंबाई! कशावर? बटाटेवड्यावर?"

"फ्रान्समधल्या किल्ल्यावर. भाऊसाहेबांना बँक तीन आठवडे पॅरिसला पाठवतेय. मीही चाललेय. डोळ्यांनी बघून येऊन सांगणार, पुस्तकातलं उतरवून नाही."

लीलाताईंनी चष्मा खाली-वर केला. "द्या की. फोटो आणा मात्र. जमलं, तर तुम्हाला व्याख्यान समितीत घेते. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही हं, वत्सलाबाई. आपली कढई बरी."

कढई बरी! शब्द असा झोंबला म्हणता! त्याच संध्याकाळी बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या बाजारातून 'तीस दिवसांत फ्रेंच' असलं एक पुस्तक आणलं आणि बसले. अकराव्या दिवसापर्यंत पोचले आणि विमान सुटायची वेळ झाली. तोवर 'हो' म्हणायला मी अस्खलित शिकले होते. 'नाही' बहुधा बाराव्या दिवशी होतं.

पॅरिसला पोचल्यावर पहिल्याच रविवारी सहलीची बस पकडली. त्या गावाचं नाव माझ्याकडून उच्चारून घेऊ नका, कवळी निसटेल. पण गाव काय होतं! गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडची घरं हाताला लागावीत. आडव्या-तिडव्या लाकडी पट्ट्यांची घरं, वरचे मजले पुढे झुकलेले, जणू समोरासमोरच्या गॅलरीतून दोन जावा कुजबुजतायत. आमचा गाइड हातातली लाल छत्री उंच धरून इंग्रजीत ओरडत होता, "सातशे वर्षांपूर्वी होतं तसंच आहे सगळं! जसंच्या तसं जपून ठेवलंय!"

हे वाक्य लक्षात ठेवा. ह्याच वाक्यानं माझा घात केला.

तटापाशी तो भिंतीतल्या फटी दाखवून, इथून बाण कसे मारायचे ते समजावू लागला. मी म्हटलं, "बाबा रे, जंग्या मला शिकवू नकोस. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेय मी." आणि उरलेलं मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. तर हा बाबा म्हणतो, "मॅडम, प्लीज, छत्रीच्या मागे राहा."

"छत्रीच्या मागे? मी काय मेंढी आहे?"

"अगं, जाऊ दे ना," भाऊसाहेब पुटपुटले. "माझे गुडघे बोलायला लागलेत. मी बसमध्ये जाऊन बसतो. तू पण चल."

"तुम्ही बसा. किल्ला मी माझा बघते."

"पाच वाजता बस सुटते हं!"

पुढे रस्त्याला दोन फाटे. डावीकडे चढ, आणि वर टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे चार मनोरे. मी मनाशी म्हटलं, हे चर्च. उजवीकडे मात्र हत्ती अंबारीसकट आत जाईल असा दगडी दरवाजा, वर कोरलेलं राजचिन्ह. किल्ल्याला आधी महादरवाजा असतो, एवढं साताऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. गेले आत.

आत एक बाई उभी. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर कडक इस्त्रीची होडीसारखी टोपी. सातशे वर्षांपूर्वीची दासी! काय हुबेहूब सजवली होती! मी साडीवर स्वेटर, त्यावर भाऊसाहेबांचा कोट, कानाला मफलर, पायात मोजे आणि चप्पल, आणि चालून चालून भात्यासारखी धापत होते. तिनं काळजीनं काहीतरी विचारलं. मी माझं अस्खलित 'हो' म्हटलं, "वुई."

तिनं आणखी काहीतरी विचारलं. "वुई!"

असे पाच-सहा प्रश्न झाले. मी एकालाही अडखळले नाही.

तिनं लगबगीनं चाकांची खुर्ची आणली आणि मला बसवलं. बघा, म्हटलं, पाहुण्याची कदर! मग हातातली पर्स काढून घेतली. मग वजन केलं. मग दंडाला पट्टा बांधून फुसफुस हवा भरली आणि तोंडात थर्मामीटर दिला.

आता तुम्ही म्हणाल, वत्सलाबाई, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही? अहो, गल्फमध्ये दहा वर्षं काढा आणि मग मला बोला! व्हिसा हवाय? मेडिकल. व्हिसा वाढवायचाय? मेडिकल. नोकरी बदलली, कार्ड बदललं, मेडिकल! सलमानिया हॉस्पिटलच्या रांगेत मी इतक्यांदा बाही वर केली होती, की पांढऱ्या कपड्यातलं माणूस दिसलं की माझा हात आपोआप पुढे व्हायचा. आम्हाला कुठल्याही दारातून आत जायचं तर आधी वजन करावं लागतं, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं. परदेशी बाई ऐतिहासिक किल्ल्यात शिरतेय, मग तपासणार नाहीत?

तिनं मला ढकलत एका लांबलचक दालनात नेलं. वर लाकडी छत, उलट्या नावेसारखं. दोन्ही बाजूंना ओळीनं पलंग. सैनिकांची बराक, मी लगेच ओळखलं. आणि पलंगांवर माणसं! म्हातारे, म्हाताऱ्या, कुणी खोकतंय, कुणी पेंगतंय. मला इतकं कौतुक वाटलं म्हणता! सगळं जपून ठेवलंय म्हणाला होता, पण माणसंही इतकी जुनी ठेवली असतील असं वाटलं नव्हतं. पेन्शनरांना बसल्या जागी काम दिलंय, किती छान योजना!

शेजारच्या पलंगावर एक आजोबा होते. त्यांना म्हटलं, "तुमचा दरवाजा चुकलाय. समोरून दिसतो. आमच्या राजगडाला, रायगडाला बघा, दोन बुरुजांच्या आड लपवलेला असतो. शत्रूला शेवटपर्यंत सापडत नाही." त्यांना फ्रेंचशिवाय येत नव्हतं, म्हणून चार उशांचे बुरुज करून दाखवले. आजोबा रडायला लागले. माझ्या वक्तृत्वाचा हा पहिला परिणाम!

एवढ्यात तीच दासी सूप घेऊन आली. मी शाकाहारी. त्यात मांस नाही ना, हे विचारायचं कसं? मी डोक्यावर दोन्ही हातांची शिंगं केली, "हम्माऽऽ" केलं, आणि जोरजोरात मान हलवली. ती पळाली. येताना आणखी दोन दासी घेऊन आली. मी त्या दोघींनाही हम्माऽऽ करून दाखवलं. मग तिघींनी मला हळूच झोपवलं, साडीवरून पांढरा झगा चढवला, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. राणीच्या पलंगावर! मी म्हटलं, लीलाताई, बघा आता! कॅमेरा दिला एकीच्या हातात. खुर्चीत मी, पलंगावर मी, थर्मामीटरसकट मी. रोल संपत आणला.

पावणेपाचला उठले, तर सोडेनात. एक हात धरते, दुसरी विनवण्या करते. किती जीव लावावा परक्या माणसाला! मी पर्स उचलली, प्रत्येकीच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू ठेवला, म्हटलं, "यल्ला, चला, येते हं!" आणि निघाले. टोपीवाली बसपर्यंत धावत आली. गाइडशी काहीतरी बोलली, तो तिच्याशी बोलला, मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. मला तो एक अक्षर बोलला नाही. जंग्यांचा राग, दुसरं काय?

भाऊसाहेब जागे झाले. "कसा होता किल्ला?"

"जन्म फुकट घालवलात," मी म्हटलं.

आता व्याख्यानाचा शुक्रवार. हॉल खच्चून भरलेला, कारण वडे तळणारी बाई बोलणार! बँकेतून स्लाइड दाखवायचं यंत्र मागून आणलेलं. लीलाताईंनी पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणी बसवली होती, एका इंजिनिअरची फ्रेंच बायको. मुद्दाम, माझी परीक्षा घ्यायला! येऊ दे, म्हटलं. खऱ्याला भीती कसली?

आणि काय रंगलं हो व्याख्यान! महादरवाजा, टाळ्या. दासी, टाळ्या. बराक, टाळ्या. "सातशे वर्षं ही वजनाची प्रथा तिथे चालू आहे," मी ठणकावून सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या रांगेतले डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. मादाम तोंडात रुमाल कोंबून थरथरत होती. मला वाटलं, माहेर आठवलं असेल बिचारीला.

शेवटची स्लाइड होती पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाची, निघता निघता काढलेली. भिंतीवर एकेक अक्षर वीतभर! "आणि हा राजघराण्याचा लेख," मी म्हटलं. "आज आपल्या भाग्यानं वाचणारं माणूस समोर आहे. मादाम, प्लीज रीड!"

मादाम उठली. इंग्रजीत म्हणाली, "नको, राहू द्या."

"लाजू नका! वाचा!"

ती म्हणाली, "बाई, हा किल्ला नाही. हे त्या गावचं म्हाताऱ्या माणसांचं रुग्णालय आहे. किल्ला तो, ह्याच चित्रात कागदामागच्या खिडकीतून दिसतोय. चार मनोऱ्यांचा."

सगळ्या हॉलनं चित्रातल्या खिडकीत पाहिलं. मीही पाहिलं. खलास!

लीलाताई केव्हा माइकपाशी आल्या, कळलंच नाही. "पण मादाम, अस्सल साधन आहे. वाचायलाच हवं." आणि मादाम एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेली नि लीलाताई शुद्ध पुणेरी मराठीत तिचा अनुवाद करत गेल्या:

"स्त्री. वय अंदाजे सत्तर."

"सत्तर नाही हो!" मागून भाऊसाहेब उभे राहिले. मदत करायला! "एकोणपन्नास! बेचाळीस ती सगळ्यांना सांगते, पण एकोणपन्नास!"

"सोबत कोणी नाही. प्रत्येक प्रश्नाला होकार देते. मधूनमधून गाय होते." लीलाताईंनी पुढची ओळ घेतली. "आपण कुठे आहोत याची रुग्णाला मुळीच कल्पना नाही. तरीही ती ते इतरांना समजावून सांगत आहे."

हॉलचं छप्पर उडालं! माणसं खुर्च्यांवरून घसरली. एका बाईचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. मी माइक धरून उभी. कढईत उडी मारावी, की समोरच्या समुद्रात?

लीलाताई डोळे पुसत होत्या. हसूनहसून चष्मा हातात आलेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वत्सलाबाई, सात वर्षं व्याख्यानं ठेवतेय मी. श्रोते जागे आज पहिल्यांदा पाहिले. या समितीत. आणि थांबलात का? अजून वेळ आहे, बोला पुढे."

"कशावर बोलू? किल्ला तर मी पाहिलेलाच नाही!"

"त्यानं काय बिघडतं? तुमच्या केसपेपरवर तेच तर लिहिलंय."

आणि सांगते काय, मी बोलले! चांगला पाऊण तास. किल्ल्यावरच!